माझ्या पोटातले लिटरभर तेल

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे, आणि माझ्या पोटात जेमतेम एक लिटर तेल मावते. पेट्रोल नव्हे, ते वरच्या टाकीत असते. मी म्हणते आहे ते इंजिनातले तेल. ते कुणाला दिसत नाही. रस्त्याने जाताना माझा रंग दिसतो, दिवा दिसतो, माझा आवाज लांबूनही ओळखू येतो. तेलाची आठवण मात्र काही बिघडल्याशिवाय कुणाला होत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट सकाळ या तेलामुळे आली. आणि ज्या माणसाने ते तेल घातले, त्याच्याइतकी माया माझ्यावर दुसऱ्या कुणी केली नाही. म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सांगाडा पट्ट्यावरून हळूहळू पुढे सरकत होता आणि जो तो आपापल्या जागेवरून मला काहीतरी देत होता. कुणी चाके दिली, कुणी दिवा, कुणी हॉर्न. अगदी शेवटी निळ्या कपड्यातल्या एका बाईने नरसाळे लावून माझ्या पोटात तेल ओतले. तोपर्यंत मी नुसते थंड लोखंड होते. तेल आत गेले, एकाने किक मारली आणि मी पहिल्यांदा बोलले. त्या बाईने माझ्या टाकीवर हात ठेवला आणि लेकीला सासरी धाडावे तशी म्हणाली, "जा बाई, सुखात राहा." पुढच्या गाडीकडे ती लगेच वळली. तिला मी परत कधी पाहिले नाही, पण तिचा आशीर्वाद मला पुरला.

मला घरी नेले ते अप्पांनी. अप्पा घड्याळजी होते. मनगटावरची घड्याळे ते दुकानात बसून दुरुस्त करत. पण शाळा, गिरण्या, कचेऱ्या आणि स्टेशने यांची मोठी घड्याळे काही दुकानात चालत येत नाहीत. त्यांच्याकडे अप्पांनाच जावे लागे. त्यासाठी त्यांना मी हवी होते. मागच्या सीटवर हत्यारांची पेटी, कधी कधी दोरीने बांधलेले एखादे ताटाएवढे घड्याळ, आणि पुढे ताठ बसलेले अप्पा, अशी आमची वरात रोज निघायची. ज्या गिरणीचे घड्याळ बंद पडले, तिथला रखवालदार आम्हाला पाहून फाटक आधीच उघडून ठेवायचा.

माझ्याबरोबर एक पुस्तिका मिळाली होती. अप्पांनी ती पहिल्या दिवशी उघडली, तेलाचे पान काढले, 'चाळीस' या आकड्याखाली लाल रेघ ओढली आणि पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली. "खराब होईल," म्हणून घरात कुणालाही तिला हात लावायची परवानगी नव्हती. त्यामुळे ती अगदी कोरी राहिली, आणि कुणी वाचलीही नाही. खुद्द अप्पांनीसुद्धा नाही.

अप्पांचे गाव म्हणजे भट्टी होती. दुपारी डांबर मऊ व्हायचे आणि उभी असताना माझा स्टँड त्यात रुतून बसायचा, म्हणून अप्पा त्याखाली लाकडाची चकती ठेवत. अशा उन्हात पातळ तेल आणखी पातळ होते. मित्रांनो, माझ्या पोटात लोखंडावर लोखंड फिरत असते, एका मिनिटात हजारो वेळा. त्या दोन लोखंडांच्या मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, तुमच्या केसापेक्षाही बारीक. तो पापुद्रा फाटला की लोखंड लोखंडाला खाते. त्या उन्हाला चाळीस नंबरचे दाट तेल अगदी योग्य होते. मी तक्रारीला जागा ठेवली नाही.

तेल बदलायचा दिवस मला फार आवडायचा. सुट्टीच्या सकाळी अप्पा मला आधी एक चक्कर मारून आणत, म्हणजे तेल गरम होऊन सैल पडे. मग अंगणात आडवे पडून खालचा बोल्ट काढत. काळे तेल परातीत पडले की त्यातला एक थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघत, हुंगत. कण लागला तर कपाळाला आठी पडायची. जुने तेल ते कधी गटारात ओतत नसत. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे पोचते करत. त्यांची धाकटी लेक शेजारी उकिडवी बसून नरसाळे धरायची. "हलू देऊ नकोस," अप्पा म्हणायचे. ती श्वास रोखून धरायची. नवे तेल आत जाताना त्या दोघांच्या चेहऱ्यावर जी शांतता असायची, ती मी विसरणार नाही.

एकदा मात्र माझी भर रस्त्यात फजिती झाली. थोरल्या लेकीचा नवरा सुट्टीला आला होता. जावईबापूंना गाड्यांचा भारी शौक. अप्पा आंघोळीला गेले असताना त्यांनी माझे तेल तपासले, कमी आहे असे दिसले, आणि आपल्या मोटारीत घालून उरलेले तेल मोठ्या प्रेमाने माझ्यात ओतले. "आकडा तोच आहे की," ते धाकटीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मागे भलेमोठे घड्याळ बांधून आम्ही पुलाच्या चढावर गेलो. अप्पांनी मूठ पिळली. मी ओरडले, पण पुढे काही जाईना! इंजिन पळत होते आणि चाक रेंगाळत होते. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या मागून एक हातगाडीवाला गेला आणि जाता जाता म्हणाला, "काका, धक्का देऊ का?" अप्पांचे कान लाल झाले.

त्याचे असे झाले होते. मोटारीचा क्लच कोरडा असतो, तेलापासून वेगळा राहतो. माझा क्लच मात्र इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या त्या तेलात निसरडेपणा वाढवणारे काहीतरी मिसळलेले होते. ते लागल्यावर क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरीनात, नुसत्या घसरू लागल्या. आकडा तोच असला तरी तेल मोटरसायकलचे आहे की नाही, हे डब्यावर वाचावे लागते. अप्पांनी ते तेल काढले, दोनदा नवे घालून पोट धुऊन काढले, तेव्हा कुठे मी ताळ्यावर आले. जावयाला बोलायची सोय नव्हती, म्हणून ते मलाच बोलले, "तू पण अशी कशी! जे येईल ते पोटात घेतेस!"

वर्षे गेली. माझा आवाज जरा जड झाला, थोडा धूर येऊ लागला. अप्पांनी मनाशी ठरवले की म्हातारपणी हाडांना जास्त वंगण लागते, आणि चाळीसच्या जागी पन्नास नंबरचे तेल आणले. त्या उन्हात ते चालून गेले. आवाज दबला, धूर कमी झाला. अप्पा खूश झाले. त्यांना वाटले, आपल्याला गुपित सापडले: गाडी जितकी जुनी, तितके तेल दाट. एखादी गोष्ट एकदा बरोबर ठरली की माणूस ती नेहमीच बरोबर धरून चालतो. मला तोंड असते तरी मी तेव्हा काही बोलले नसते, कारण मलाही सुखच वाटत होते.

मग धाकटी शिकून गुरांची डॉक्टर झाली. तिची नेमणूक दूरच्या डोंगराळ भागात झाली. तिथे गोठे एका उतारावर चार आणि दुसऱ्या उतारावर तीन असे विखुरलेले, आणि बस फक्त खालच्या रस्त्याने जाणारी. अप्पांचे गुडघे तोवर दुखू लागले होते. त्यांनी माझी चावी तिच्या हातावर ठेवली. "जपून वापर" एवढेच म्हणाले, आणि मला ट्रकमध्ये चढवताना घरात निघून गेले.

डोंगरातली थंडी मी कधी पाहिली नव्हती. तिथे हिवाळ्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. पण तिथे मला एक चांगला मिस्त्री भेटला. तो स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाला टेकवायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. त्याने पहिल्याच भेटीत धाकटीला, म्हणजे आता डॉक्टरीणबाईंना, विचारले, "सकाळी किती वाजता निघता? गाडी बाहेर असते की छपराखाली?" मग माझे पन्नास नंबर काढून त्याने दुसरे तेल घातले. डब्यावर लिहिले होते, दहा डब्ल्यू चाळीस. "इथल्या गारठ्यात हेच घालायचं," त्याने बजावले. तो पहिला हिवाळा कसा गेला ते मला कळलेसुद्धा नाही. सकाळी दुसऱ्या किकला मी हजर असायचे.

पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंच्या आई वारल्या. भट्टीसारख्या त्या घरात अप्पा एकटे पडले. दुकान बंद करून, हत्यारांची पेटी आणि प्लास्टिकमधली ती पुस्तिका घेऊन ते लेकीकडे राहायला आले. आल्या आल्या घरात न जाता आधी माझ्याकडे आले. टाकीवरून हात फिरवला. तेलाचा एक थेंब बोटांवर चोळला आणि दचकले.

"हे काय! पाणी घातलंय का हिच्यात? म्हातारीची हाडं खिळखिळी होतील अशानं."

चार दिवसांनी ते स्वतः बाजारात गेले आणि पन्नास नंबरचा डबा शोधून आणला. अंगणात आडवे पडून त्यांनी कानसेनचे तेल काढून टाकले आणि आपले घातले. आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते गुणगुणत होते. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांना कानसेनचे शब्द आठवत असणार, कारण त्यांनी एकदा तोंड उघडले होते. पण वडिलांचे गुणगुणणे ऐकून त्यांनी ते मिटले आणि चहा टाकायला आत गेल्या.

थंडी वाढत गेली तशी मी जड होत गेले. किक दगडासारखी लागायची. "गारठा आहे," डॉक्टरीणबाई म्हणायच्या आणि जोर लावायच्या. उशीर व्हायचा, पण निभावत होते.

आणि मग ती सकाळ आली.

सात वाजायचे होते. गवतावर पांढरे दहिवर गोठले होते. फोन वाजला. वरच्या उतारावर एक मावशी राहायच्या. नवरा वारलेला, मुले परगावी, आणि चार गायींवर घर चाललेले. त्यांच्यातली सगळ्यात लहान गाय पहिल्यांदाच विणार होती आणि वासरू अडले होते. "मागचे पाय आधी आलेत," मावशींचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला, "लवकर या हो."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. किक मारली. लिव्हर खाली जाईचना. पायाचा सगळा भार टाकला तेव्हा ती कशीबशी अर्धी खाली गेली आणि तिथेच थांबली. माझ्या पोटातले तेल काकवीसारखे घट्ट झाले होते. क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दहा किक झाल्या, वीस झाल्या. एकदा पाय सटकला आणि लिव्हर उलटी येऊन त्यांच्या नडगीवर बसली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्या थांबल्या नाहीत. मित्रांनो, मला तेव्हा काय वाटत होते ते सांगता येणार नाही. मला जायचे होते. अंगातला प्रत्येक भाग जायला तयार होता. पण मला हलताच येत नव्हते.

शेवटी त्यांनी मला ढकलत उतारावर नेले, गिअर टाकला आणि पळत पळत माझ्यावर बसून क्लच सोडला. मी खोकत सुरू झाले. एरवी त्या मला दोन मिनिटे चालू ठेवून मग निघायच्या. आज तेवढा वेळ कुठला! तशाच चढाला लागल्या. तेल तळाशी पडून होते आणि वर, माझ्या डोक्याशी जे बारीक भाग एकमेकांवर घासतात, ते कोरडे होते. पहिल्या वळणाला टकटक सुरू झाली. तिसऱ्या वळणाला खरखर. मला कळत होते की मी आतून खरवडली जाते आहे. अर्धा डोंगर चढून गेल्यावर माझा दम संपला. मी बंद पडले.

डॉक्टरीणबाईंनी मला कडेच्या दगडाला टेकवले. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेलाची धार लागत नव्हती, थेंब टोकाला नुसता लोंबकळत होता. त्यांनी तो क्षणभर पाहिला, पट्टी परत बसवली, बॅग खांद्याला मारली आणि पळत सुटल्या. तीन किलोमीटर चढ होता.

त्या परत आल्या तेव्हा ऊन चांगले वर आले होते. बरोबर मावशी होत्या. मला ढकलायला मावशींनी मागून हात लावला, तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"गाय वाचली ते बघा," मावशी हळूच म्हणाल्या. "मी तर दोघांची आशा सोडली होती."

"अर्धा तास आधी पोचले असते तर वासरूही मिळालं असतं, मावशी."

"तुम्ही त्या चढावर पळत येताना मी पाहिलं. असं कोण येतं पळत?" मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "झालं काय हिला?"

डॉक्टरीणबाईंनी माझे हँडल सरळ केले. तेल कुणी घातले ते त्यांना माहीत होते.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जुनी झालीय."

तो आळ मी मुकाट्याने घेतला. त्यात माझे काहीच बिघडत नव्हते.

पण घरी पोचल्यावर त्यांचा बांध फुटला. अप्पा अंगणात फडके घेऊन उभेच होते. "काय झालं गं? मी बघू का?"

"अप्पा, कुठलं तेल घातलंत तुम्ही?"

"नेहमीचंच. पन्नास. म्हातारीला..."

"मला विचारलंत? कानसेनला विचारलंत? इथं पाण्याचा बर्फ होतो अप्पा! तुमचं गाव नाही हे!" त्यांचा आवाज चिरकला. "एक वासरू मेलं आज. मी पोचले नाही म्हणून मेलं."

अप्पांच्या हातातले फडके तसेच राहिले. थोड्या वेळाने त्यांनी ते फडके घडी घालून माझ्या सीटवर ठेवले आणि आत गेले.

दोन दिवस त्या घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. तिसऱ्या दिवशी कानसेन टेंपो घेऊन मला न्यायला आला. मला चढवून तो निघणार, तोच अप्पा कोट घालून आले आणि कुणी न बोलावता त्याच्या शेजारी बसले.

कानसेनने माझे डोके उघडले. एक चकाकणारा तुकडा काढून त्याने अप्पांच्या हातावर ठेवला. "बोट फिरवून बघा." अप्पांचे ते बोट केसाएवढा चरासुद्धा ओळखणारे. त्यांनी डोळे मिटून बोट फिरवले. गुळगुळीत असायला हवे तिथे ओरखडेच ओरखडे होते. त्यांनी हात मागे घेतला, जणू चटका बसला.

"हे मी केलं," ते म्हणाले.

"थंडीनं केलं, अप्पा," कानसेन म्हणाला. "उद्या सकाळी लवकर या. एक गंमत दाखवतो."

कानसेनने दोन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत माझ्यातून काढलेले पन्नास नंबर, दुसरीत दहा डब्ल्यू चाळीस. दोन्ही रात्रभर बाहेरच्या कठड्यावर ठेवल्या. सकाळी अप्पा आले तेव्हा बाटल्यांवर दहिवर होते. कानसेनने दोन्ही एकाच वेळी आडव्या केल्या. एकीतले तेल सुळकन तोंडाशी आले. दुसरीतले जागचे हलेना. मग आळसावलेल्या माणसासारखे सावकाश, फार सावकाश सरकू लागले.

"यात डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा," कानसेनने सांगितले. "त्याच्या अलीकडचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर धावतं. पलीकडचा आकडा इंजिन तापल्यावरचा. म्हणजे हे तेल सकाळी पातळासारखं वागतं आणि तापल्यावर चाळीसचं काम करतं. तुमचं पन्नास तापल्यावर झकास आहे हो, पण तापेपर्यंत गाडीनं काय करायचं?"

अप्पांनी पन्नासची बाटली उचलून पुन्हा आडवी केली.

"तुम्ही घड्याळं करायचात ना?" कानसेनने सहज विचारले. "मनोऱ्यावरच्या घड्याळाला घालता तेच तेल मनगटातल्या घड्याळाला चालतं?"

"छे!" अप्पा एकदम ताठ झाले. "कोण गाढव घालेल? जागच्या जागी बंद पडेल ते! प्रत्येकाचं तेल..."

आणि ते थांबले. मग मान खाली घालून स्वतःशीच हसले. त्या हसण्यात पाणी होते. "गाढव सापडला," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी पुस्तिका प्लास्टिकमधून काढली आणि गॅरेजच्या बाकावर बसून पहिल्यापासून वाचली. तेलाच्या पानावर लाल रेघेच्या खालीच एक तक्ता होता. त्यात हवा किती गरम, किती थंड, आणि कुठे कोणते तेल, सगळे चित्र काढून दाखवलेले. इतकी वर्षे तो तिथेच होता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई मला बघायला आल्या. अप्पा उठून उभे राहिले.

"चुकलो, बाळ. तुला विचारायला हवं होतं."

"मीही सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गुणगुणत होतात. माझ्याच्यानं बोलवेना."

कानसेनला अचानक दुकानाच्या मागच्या बाजूला काहीतरी काम आठवले.

दुसऱ्या दिवशी अप्पा दुधाच्या गाडीतून मावशींच्या गोठ्यावर गेले. एकटेच गेले. परत आल्यावर मला पुसता पुसता त्यांनी ते सगळे मलाच सांगितले, कारण दुसऱ्या कुणाला सांगवेना. "ते तेल मी घातलं होतं," असे त्यांनी मावशींना सांगितले. मावशी चकित झाल्या. "तुमच्या लेकीनं तर गाडी जुनी झाली म्हणून सांगितलं." अप्पांना हे माहीत नव्हते. ते तिथेच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. मावशींनी त्यांना पाणी दिले आणि म्हणाल्या, "माझ्या गाईला वाचवलं ते तुमच्याच पोरीनं. ते कुणाच्या नावावर टाकायचं?"

माझा खरवडलेला भाग बदलला गेला, बाकीचे साफ झाले, आणि पुन्हा तेच थंडीतले तेल माझ्यात आले. नरसाळे या वेळी अप्पांनी धरले आणि तेल लेकीने ओतले. त्यानंतर आठ हिवाळे आम्ही डोंगर चढलो. किती वासरे, किती रेडके, किती शिंगरे वेळेवर जगात आली, मी मोजली नाहीत. गोठ्याबाहेर उभी असताना आतून पहिले हंबरणे ऐकू आले, की माझे गरम इंजिन थंड होताना जे टिकटिक करते, ते मला माझे हसणे वाटायचे.

अप्पांना तर नवेच काम मिळाले. सुट्या भागांच्या दुकानात तेल घ्यायला कुणी आले की ते हटकायचे, "कुठे चालवता? सकाळी किती थंडी असते? पुस्तिकेत काय लिहिलंय?" गिऱ्हाईक म्हणायचे, "काका, चांगल्यातलं द्या म्हटलं की झालं." अप्पा म्हणायचे, "चांगलं कुणाला?" सुरुवातीला दुकानदार वैतागला. मग त्याने पाहिले की अप्पांनी पाठवलेले गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. त्याने त्यांच्यासाठी दारात एक स्टूल ठेवले.

आता मी फार चालत नाही. डॉक्टरीणबाईंना चार चाकी गाडी मिळाली आहे आणि मी पडवीत असते. तरी आठवड्यातून एकदा मला सुरू करतात, आणि वर्षातून एकदा तेल बदलतात. गाडी चालली नाही तरी तेल शिळे होते, हे अप्पांनी त्यांच्याकडून घोकून घेतले आहे.

अप्पाही थकले आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप येऊन गेला, तेव्हापासून लेक त्यांना जपते. इतकी जपते की विचारू नका. एके दिवशी चांगले ऊन पडले होते आणि अप्पा पडवीत दोन स्वेटर, मफलर, कानटोपी आणि वर रजई अशा थाटात बसले होते. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. डॉक्टरीणबाई आणखी एक शाल घेऊन आल्या.

"अगं, मला विचार तरी!" अप्पा ओरडले.

त्या जागच्या जागी थांबल्या. शाल हातातच राहिली. मग त्या जमिनीवर त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि हसू आवरत म्हणाल्या, "बरं. सांगा. काय हवंय तुम्हाला?"

अप्पांनी रजई बाजूला सारली. माझ्याकडे बोट केले.

"मला हिच्यावर मागं बसव एकदा. तू चालव."

मित्रांनो, इतक्या वर्षांत अप्पा माझ्या मागच्या सीटवर कधीच बसले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा एक पाय उचलून पलीकडे टाकला, त्यांचे हात आपल्या कमरेभोवती घेतले. मला दोन मिनिटे चालू ठेवले, घाई केली नाही. मग आम्ही हळूहळू खालच्या रस्त्याने निघालो. अप्पा ओरडून म्हणाले, "वेग वाढव की!" आणि त्यांनी वेग वाढवला.

जे तुमचे काम मुकाट्याने करतात, ते बोलत नाहीत म्हणून त्यांचे बरे कशात आहे हे तुम्हालाच कळते, असे कधी समजू नका. यंत्राला विचारायचे असेल तर त्याची पुस्तिका वाचा, हवा बघा, जाणत्याला विचारा. माणसाला विचारायचे असेल तर समोर बसा आणि विचारा. मला दोन माणसे अशी मिळाली की ज्यांनी चुकल्यावर हे शिकून घेतले, आणि मी आजही सुरू होते ती त्यांच्यामुळे.

त्या दिवशी उतारावर अप्पांनी आपले डोके लेकीच्या पाठीला टेकवले होते. त्यांना झोप लागली असावी. डॉक्टरीणबाईंनी गिअर बदलला, तो इतका हलक्या पायाने की मलासुद्धा तो कळला नाही.